घरच्या फोटोंची दिवाळी कार्डं

दिवाळीचं कार्ड घरच्या फोटोचं करायचं म्हटलं की पहिली अडचण कालनिर्णय काढतं. कार्ड वसुबारसेच्या आत पोचायला हवं, मग यंदाच्या दिवाळीचा फोटो त्यावर येणार कुठून? म्हणून शोधाशोध गेल्या वर्षीच्या फोटोंत करायची. पुण्यात एका फोटो स्टुडिओच्या काउंटरवर माझी बरीच वर्षं गेली. धनत्रयोदशीला धावत येऊन ‘आज मिळतील ना?’ विचारणारी मंडळी मी भरपूर पाहिली आहेत. माझा शिरस्ता असा: दसऱ्याला फोटो ठरलेले, कोजागिरीला कार्डं तयार, दुसऱ्या दिवशी पोस्टात. परदेशातली पाकिटं मात्र घटस्थापनेच्या आधीच रवाना करावीत.

फोटो कुठला घ्यावा, याबद्दल माझं मत ठाम आहे. सगळं कुटुंब नव्या कपड्यांत रांगेने उभं, सगळ्यांचे हात जोडलेले, हा फोटो नको. तो पाठवणाऱ्याला आवडतो, घेणारा एकदा बघून टीव्हीवर ठेवतो. ज्याला कार्ड जाणार, त्याचं स्वतःचं काहीतरी त्यात हवं. इचलकरंजीच्या मामींना मी कडबोळी वळणाऱ्या हातांचा फोटो पाठवला, कारण आमच्याकडची कडबोळी त्यांच्याच हातची शिकवण. न्यू जर्सीतल्या भाच्याला मुलांच्या किल्ल्याचा पाठवला, कारण किल्ल्यावरचे दोन मावळे त्याच्या लहानपणचे आहेत, एकाची तलवार मोडलेली. त्यामुळे सगळ्यांना एकच फोटो जात नाही. तीन-चार फोटो निवडायचे आणि नावांच्या यादीत प्रत्येकापुढे फोटोचा नंबर टाकायचा. कष्ट थोडे जास्त, पण कार्ड त्या माणसासाठी केलंय हे त्याला कळतं.

आता यंदा फोटो काढताना पुढच्या वर्षीचा विचार करून काढा. किल्ला उभ्याने वरून टिपला की नुसता चिखलाचा ढीग दिसतो. मोबाइल जमिनीला टेकवा, मावळ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा, मग बुरूज बुरुजासारखा दिसतो. मागे चपलांचा स्टँड येत नाही ना, तेवढं बघा. रांगोळीचं उलट. ती बरोबर वरून, स्टुलावर चढून, आपली सावली पडणार नाही अशा बाजूने. पणत्या आणि आकाशकंदिलासाठी फ्लॅश बंद. पूर्ण अंधार पडायची वाट बघू नका. सूर्य मावळल्यावर आभाळात निळेपणा असतो, तेवढ्या वीस-पंचवीस मिनिटांत कंदीलही दिसतो आणि घरही. पडद्यावर बोट पणतीच्या ज्योतीवर टेकवलं तर बाकी सगळं काळं पडतं, चेहऱ्यावर टेकवा.

अल्बममधला जुना फोटो वापरायचा असेल तर सोन्याहून पिवळं. तो प्लॅस्टिकच्या कप्प्यातून हलक्या हाताने काढा, पण चिकटला असेल तर ओढू नका, तसाच ठेवून टिपा. खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही तिथे, मोबाइल फोटोला समांतर धरून. स्कॅनर असला तर उत्तमच.

मापाचं गणित एकदाच करायचं आहे, पण ते नीट करा. ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा, ए-फोर कार्डशीट घ्या. पुण्यात अप्पा बळवंत चौकात कागदाच्या दुकानांत मिळतो, आणि दुकानदाराकडे कटिंग मशीन असेल तर तिथेच मधोमध कापून घ्या. एका शीटचे दोन तुकडे, म्हणजे दोन कार्डं. त्यातला एक तुकडा मधोमध दुमडला की १४८ बाय १०५ मिलिमीटरचं कार्ड होतं. त्यावर चिकटवायला चार बाय सहा इंची फोटो बसत नाही, तो १५२ मिलिमीटर लांब असतो. साडेतीन बाय पाच इंची प्रिंट मागा. ती ८९ बाय १२७ भरते, चारही बाजूंना आठ-दहा मिलिमीटरची पांढरी चौकट राहते आणि कार्ड फ्रेम केल्यासारखं दिसतं. या मापाला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, १५०० बाय १०५० पिक्सेल पुरतात, मोबाइलच्या मूळ फोटोत ते सहज असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून फिरून आलेल्यात असतीलच असं नाही, कारण तिथे फोटो दाबून लहान केला जातो. फोटो छापणाऱ्या लॅबला पाठवतानाही ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, किंवा सरळ पेनड्राइव्ह न्या.

मोबाइलचा फोटो चारास तीनच्या प्रमाणात असतो, ही प्रिंट त्याहून जरा लांबट. म्हणून आडव्या फोटोत वरखाली आणि उभ्यात दोन्ही बाजूंना थोडं कापलं जातं. क्रॉप घरीच करून न्या. लॅबच्या माणसाला आजीचा अंबाडा महत्त्वाचा की मागचं तोरण, हे कसं कळणार? प्रिंट मॅट घ्या. ग्लॉसीवर बोटांचे ठसे उठतात आणि दिव्याखाली ती चमकते. पणत्यांचा फोटो असेल तर ‘कलर करेक्शन करू नका’ असं आवर्जून सांगा, नाहीतर मशीन पणतीचा पिवळा उजेड दोष समजून पांढरा करतं. मोबाइलवर दिसतं त्यापेक्षा कागदावर फोटो काळपट येतो, तेव्हा उजेड किंचित वाढवून आधी एकच प्रिंट काढून बघा.

घरच्या प्रिंटरवर थेट कार्ड छापायचा मोह आवरा. बऱ्याच घरगुती प्रिंटरना ३०० जीएसएम ओढवत नाही. चिकटवलेली प्रिंट दिसतेही चांगली. हातकागदाची हौस असेल तर शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. खरबरीत कागदावर मॅट फोटो फार शोभतो.

दुमडताना घाई करू नका. स्टीलची पट्टी आणि शाई संपलेलं बॉलपेन घ्या, मधोमध दाबून रेघ ओढा आणि रेघेची खाच बाहेर राहील असं दुमडा. नुसत्या बोटाने दुमडलं तर जाड कागद घडीवर फुटतो, पांढरे तंतू दिसतात. फोटोला डिंक लावू नका, त्यातल्या पाण्याने कार्ड वाकतं. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप चारही कडांना आणि मध्ये एक पट्टी, एवढं पुरतं.

मजकूर हाताने लिहा. छापायचाच असेल तर डीटीपीवाल्याकडून पीडीएफ मागवून एकदा वाचा: ‘दीपावली’ची दी आणि ‘हार्दिक’ची दि, दोन्ही हमखास चुकतात. मागच्या बाजूला बारीक अक्षरात फोटो कुठला, कोणत्या वर्षीचा, कोणकोण, हे पेन्सिलीने लिहा. पुढच्या पिढीला तेच उपयोगी पडतं.

पोस्टाचा साध्या पत्राचा दर २० ग्रॅमच्या टप्प्याने वाढतो. हे कार्ड साडेनऊ ग्रॅमच्या आत, फोटो तीनच्या आसपास, पाकीट चार. टप्प्याच्या आत बसतं. अख्खा ए-फोर दुमडला असता तर कार्डच पावणेएकोणीस भरलं असतं. टिकल्या, खडे, मातीची छोटी पणती, असलं काही पाकिटात घालू नका. वजन वाढतं आणि पोस्टात शिक्का मारताना चुरा होतो. पाकिटं लग्नपत्रिकांच्या दुकानात सुटी मिळतात, कार्ड सोबत नेऊन घालून बघा.

यादीपेक्षा दोन-चार कार्डं जास्त करा. कुणाचं तरी अनपेक्षित कार्ड येतंच. तेव्हा पाडवा उलटून गेला असला तरी पाठवा, तुळशीच्या लग्नापर्यंत दिवाळीच असते.