विस्थापितांना तातडीची मानसिक मदत देताना या चुका टाळा

‘काय घडलं ते सगळं सांगा, मन हलकं होईल.’ छावणीत नुकत्याच पोचलेल्या माणसाला कृपा करून असं म्हणू नका. हेतू चांगला असतो, पण एकाच बैठकीत सगळा प्रसंग वदवून घेतल्याने पुढचा आघातजन्य ताण टळत नाही. काहींचा त्रास वाढतो. मानसिक प्रथमोपचाराच्या २०११ च्या पुस्तिकेत जागतिक आरोग्य संघटनेने तीनच कामं सांगितली आहेत: पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या. ऐकायचं ते माणूस आपणहून बोलेल तेवढंच. गप्प असेल तर शेजारी बसा, पाणी द्या, रात्री झोपायची सोय कुठे आहे आणि ताटातूट झालेल्या घरच्यांची चौकशी कुठे करायची ते सांगा.

सगळ्यांना रुग्ण ठरवू नका. सुरुवातीच्या दिवसांत रडू येणं, दचकणं, झोप उडणं साहजिक आहे. याच संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार संघर्षग्रस्त भागांत साधारण पाचातल्या एकाला मानसिक आजार असतो. म्हणून सरसकट झोपेच्या गोळ्या वाटू नका. बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्यांची तर सवय लागते.

खरं दुर्लक्ष होतं ते आधीपासून आजारी असलेल्यांकडे, आणि मला हे सर्वांत गंभीर वाटतं. पळापळीत औषधं मागे राहतात. स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचा रुग्ण कोपऱ्यात पडून राहतो, कधी त्याला बांधूनही ठेवतात. अपस्माराची (फिट्सची) रोजची गोळी अचानक बंद पडली तर झटक्यांमागून झटके येऊन जीव जाऊ शकतो. रोजची दारू एकदम तुटलेल्याला थरथर, भास किंवा झटके सुरू झाले तर तो ‘घाबरलाय’ म्हणून सोडू नका, लगेच डॉक्टरकडे न्या. नोंदणीच्या वेळीच प्रत्येकाला विचारा: रोजची कुठली गोळी बंद पडली आहे का?

दुभाषा मिळत नाही म्हणून मुलांना मध्ये घालू नका. आईला मरावंसं वाटतंय, हे लेकीच्या तोंडून वदवणं दोघींवरही अन्याय आहे. शिवाय लेकीसमोर आई खरं बोलणारच नाही.

आत्महत्येबद्दल विचारायला कचरू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्या व्यक्तीला एकटं सोडू नका. ब्लेड, कीटकनाशक, गोळ्यांचा साठा तिच्या हाताशी ठेवू नका. नुसती चिठ्ठी देऊन पाठवू नका. सोबत जा आणि आरोग्य केंद्रातल्या माणसाशी समोरासमोर बोलून तिला त्याच्या हवाली करा.