शहाळं जेवणात धरत नाहीत

डाएटिशियन व्हायचंय म्हणून कुणी विचारायला आलं की मी आधी विचारते, तुमच्या घरची आमटीची वाटी किती मिलिलिटरची? बहुतेकींना सांगता येत नाही. मलाही येत नव्हतं.

वाट तशी सरळ आहे. बारावीनंतर न्यूट्रिशन किंवा होम सायन्सची पदवी, मग एम.एस्सी. नाहीतर डाएटेटिक्सचा पीजी डिप्लोमा, हॉस्पिटलात सहा महिने इंटर्नशिप आणि इंडियन डाएटेटिक असोसिएशनची आर.डी. (रजिस्टर्ड डाएटिशियन) परीक्षा. चार आठवड्यांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर इन्स्टावर ‘कोच’ होता येतं, वॉर्डात कुणी उभं करत नाही.

खरं शिक्षण इंटर्नशिपमध्येच झालं. डायलिसिसवरच्या एका काकांच्या रक्तातलं पोटॅशियम काही केल्या खाली येईना. केळं, बटाटा, टोमॅटो मी चार्टमधून कधीच काढले होते. पोटॅशियम कमी व्हावं म्हणून भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या नि ते पाणी ओतून द्यायचं, हेही किचनला लिहून दिलं होतं. मी मनातल्या मनात किचनवाल्यांवर खापर फोडून मोकळी झाले. तिसऱ्या दिवशी कॉटखाली पाय अडखळला. बघते तर पिशवीत दोन शहाळी!

"अहो, मी रोज विचारत होते ना, काय काय खाता म्हणून?"

"खाण्याचं विचारलंत की," काकू म्हणाल्या, "हे तर पाणी आहे."

शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं हे मला पाठ होतं, पण विचारायचं सुचलं नव्हतं. तेव्हापासून मी ‘काय खाता?’ असं विचारतच नाही. उठल्यापासून तोंडात काय काय गेलं ते सांगा, म्हणते. मग चहा, त्यात बुडवलेली बिस्किटं, देवाचा प्रसाद, सगळं बाहेर येतं.

आकडेही लागतातच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2017 ची, कशात किती पोषणघटक ते सांगणारी कोष्टकं हाताशी ठेवा, त्यात 528 पदार्थ आहेत. पण 30 ग्रॅम कच्च्या तूरडाळीत साधारण 6-7 ग्रॅम प्रथिनं असतात, हे कळून भागत नाही. तेवढी डाळ एका वाटी घट्ट वरणात जाते की चार वाट्या पातळ आमटीत, ते त्या घरच्या पळीलाच ठाऊक.

आणि हो, इंटर्नशिपला बऱ्याच ठिकाणी स्टायपेंड नसतो, उलट फी भरावी लागते. भरण्याआधी विचारून घ्या, राउंडला नेतात की नुसते चार्ट टाइप करायला बसवतात.