एबीएसचा दिवा जात नाही? आधी चाकाच्या आत बघा

एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. तिचा पिवळा दिवा डॅशबोर्डवर ठाण मांडून बसला की गॅरेजमध्ये बहुतेक वेळा झटपट निकाल मिळतो: "मॉड्यूल गेलंय." मॉड्यूल म्हणजे एबीएसचा पंप आणि त्याला जोडलेला कॉम्प्युटर. त्याची किंमत ऐकून माणूस बोनेटवरच बसतो. माझं मत स्पष्ट आहे. समुद्राकाठी फिरणाऱ्या गाडीचं मॉड्यूल क्वचित जातं. बिघडतो तो चाकाजवळचा, चाकाचा वेग मोजणारा सेन्सर, नाहीतर त्याची वायर, नाहीतर त्या वायरचा कनेक्टर. आणि हे तिन्ही घरच्या अंगणात बघता येतात.

रत्नागिरीत माझी खानावळ आहे. गाडी पहाटे मिरकरवाडा बंदरावर मासळीला जाते, तिथून बाजारात, आणि सुट्टीत पाहुण्यांना घेऊन गणेशगुळ्याच्या किनाऱ्यावर. खारा वारा, तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस आणि लाल चिखल, सगळं त्या चाकांच्या नशिबी आहे.

दिव्याला हात घालण्याआधी एक गोष्ट. पिवळ्या एबीएसबरोबर ब्रेकचा लाल दिवाही पेटला असेल, तर हँडब्रेक पूर्ण खाली आहे ना ते बघा, मग बोनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघा. पातळी खाली असेल किंवा लाल दिवा जातच नसेल, तर गाडी रस्त्यावर काढू नका, मेकॅनिकला घरी बोलवा. नुसता पिवळा असेल तर साधे ब्रेक लागतात, पण ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला की चाक जाम होऊन गाडी घसरणार. तेव्हा सावकाश चालवा आणि काम पुढे ढकलू नका.

आता दिवा कधी पेटतो ते नीट बघा, निम्मं निदान तिथेच होतं. चावी फिरवल्यावर सगळे दिवे लागतात आणि काही सेकंदांत विझतात. एबीएसचा विझलाच नाही, तर तुटलेली वायर, उडालेला फ्यूज किंवा सुटलेला कनेक्टर शोधायचा. विझला आणि गाडी थोडी पळाल्यावर परत आला, तर सर्किट जोडलेलं आहे, पण एखाद्या चाकाचा सिग्नल नीट येत नाही. आमच्याकडे हा दुसरा प्रकार जास्त.

बॅटरीही मोजून घ्या. बंद गाडीत साडेबाराच्या आसपास व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. पावसात गाडी दिवसेंदिवस उभी राहिली की बॅटरी उतरते आणि नुसत्या त्याने हा दिवा लागू शकतो. बॅटरीच्या काळ्या वायरचा बोल्ट गंजला असेल तर घासून घट्ट करा.

कोणतं चाक, हे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर सांगतो. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, तिथे तो लागतो. पण स्वस्तातला ब्लूटूथवाला घेताना विचारून घ्या, कारण त्यातले बरेच फक्त इंजिनचे कोड वाचतात. एबीएसचे कोड बहुधा 'सी'ने सुरू होतात, ते वाचणारा हवा. त्यात चारही चाकांचा वेग दिसत असेल तर उत्तमच. शेजारी कुणाला तरी स्क्रीन धरून बसवा, मोकळ्या रस्त्यावर हळू चालवा. तीन चाकं वीस दाखवत असतील आणि एक शून्यावर जात असेल, तर चोर सापडला.

मग जॅक. नट जमिनीवरच सैल करा. गाडी सपाट, टणक जागी हवी. लाल मातीत जॅक लावायचा तर खाली जाड फळी घाला. उचलायचं नाही त्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. गाडी उचलल्यावर खाली लोखंडी स्टँड ठेवा. जांभ्याचा चिरा अंगणात हाताशी असतो म्हणून तो गाडीखाली देणारे मी पाहिलेत. चिरा वजनाखाली फुटतो, आणि तेव्हा तुमचं डोकं आत असतं.

चाक काढलं की डिस्कच्या मागच्या बाजूला बोटाएवढा काळा प्लास्टिकचा सेन्सर आणि त्यातून वर जाणारी वायर दिसेल. आधी वायरवरून बोट फिरवत शेवटपर्यंत जा. कुठे घासली आहे, कुठे क्लिप सुटली आहे, कुठे उंदराने कुरतडली आहे? भाताची पोती किंवा काजूबिया ठेवलेल्या पडवीशेजारी गाडी लावत असाल तर उंदरावर संशय पहिला. वायर तुटली असेल तर सोल्डर करून वर श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. नुसती चिकटपट्टी एका पावसात सुटते. चाक वळताना वायर जिथे वाकते तिथला जोड मात्र टिकत नाही, तिथे सेन्सरच बदला.

कनेक्टर सोडवा आणि आत डोकावा. पिनांवर हिरवट पूड दिसली तर ती खाऱ्या हवेची करणी. चावी बंद ठेवून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने घासा, वाळू द्या, मग थोडं सिलिकॉन ग्रीस लावून बसवा. कितीतरी दिवे एवढ्यावरच जातात.

नाही गेला तर सेन्सर काढायचा. बोल्ट एकच, बऱ्याच गाड्यांत दहा नंबरचा. तो सुटतो, पण सेन्सर भोकात गंजाने धरलेला असतो. वायर धरून ओढू नका. गंज सोडवणारं तेल कडेने थोडंसं टाका, मुरू द्या, आणि मग डावी-उजवीकडे हलवत सोडवा. डिस्कवर आधी फडकं टाका. ब्रेकवर तेल उडालं तर दिव्यापेक्षा मोठं दुखणं मागे लागेल.

बाहेर आलेल्या टोकावर काय चिकटलंय ते निरखून बघा. मांडवी किनाऱ्याच्या काळ्या वाळूत चुंबक फिरवा, त्याला मिशी फुटते. त्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या लोहयुक्त खनिजांचे कण आहेत. जुन्या सेन्सरच्या टोकात चुंबक असतं, नव्या गाड्यांत ते बहुधा बेअरिंगजवळ चाकाबरोबर फिरणाऱ्या रिंगमध्ये असतं, म्हणजे गाडी वाळूवर नेली की हे कण दोन्हींत बसणारच. कोरड्या फडक्याने पुसा, तारेचा ब्रश टोकाला लावू नका. सेन्सर बसतो ती जागा मात्र पॉलिश पेपरने घासून लखलखीत करा. टोक आणि रिंग यांत जेमतेम एक मिलिमीटर अंतर असतं, आणि तिथे जमलेला गंज सेन्सरला वर उचलून धरतो. माझ्या गाडीत गंजाचा हा पापुद्राच सगळ्याचं मूळ होता.

मल्टिमीटर असेल तर जुन्या प्रकारच्या सेन्सरचा रेझिस्टन्स मोजा, साधारण एक-दोन किलोओहम येतो. आकड्यापेक्षा डाव्या-उजव्याची तुलना महत्त्वाची. नव्या प्रकारचा ओहमवर मोजूच नका, खराब होऊ शकतो. तिथे चावी चालू करून कनेक्टरमध्ये व्होल्टेज येतंय का एवढंच बघा. येत असेल आणि साफ करूनही सिग्नल नसेल, तर सेन्सर नवा घ्या.

सगळं परत बसवून, नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळून, गाडी हळू चालवून बघा. बऱ्याच गाड्यांत दिवा आपसूक विझतो, काहींत स्कॅनरने कोड पुसावा लागतो. मोकळ्या जागी वीसच्या वेगात एकदा ब्रेक दाबून खात्री करा, मगच बाजारात न्या.

एअरबॅगच्या दिव्याला मात्र यातलं काही लागू करू नका. पुढच्या सीटखालचे पिवळे कनेक्टर त्याचे असतात, ते घरी सोडवायचे नाहीत. मासळीच्या क्रेटमधलं बर्फाचं पाणी नेमकं तिथेच उतरतं, म्हणून क्रेट डिकीत, खाली मोठी परात देऊन. आणि किनाऱ्यावरून किंवा फेरीबोटीतून आलात की त्याच संध्याकाळी चाकांच्या आतल्या बाजूला गोड्या पाण्याचा पाइप धरा, वरच्या रंगाला नंतर.