कुरुंदकर वाचायचेत पण सुरुवात कुठून करू?

पहिलं सांगतो, 'रूपवेध'पासून सुरू करू नका, ते त्यांचं सौंदर्यशास्त्रावरचं, म्हणजे एखादी गोष्ट सुंदर का वाटते यावरचं पुस्तक. मी कॉलेजला असताना नेमकं तेच केलं, पंधरा-वीस पानांत गाडी रुतली आणि पुढं दोन वर्षं नरहर कुरुंदकर म्हणलं की मी दुसरीकडं बघायचो. एवढा मोठा विचारवंत आणि समीक्षक, माणूस आपल्याच मराठवाड्यातला, वसमतजवळच्या कुरुंद्याचा, नांदेडला पीपल्स कॉलेजचा प्राचार्य, आणि आपणच वाचलेला नाही, लाज वाटायची.

इतिहासापासून धरा. 'छत्रपती शिवाजी महाराज जीवन रहस्य' हे छोटं पुस्तक आहे, एका बैठकीत होतं. तिथं लढायांची यादी नाही. प्रश्न असाय की 1680 ला महाराज गेले, पुढं औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला, तरी 1707 ला तो मेला तोवर इथली माणसं लढतच राहिली, ती कशाच्या जोरावर? हे पटलं की मग 'श्रीमान योगी'ची प्रस्तावना, जे खरंतर रणजित देसाईंना लिहिलेलं लांबलचक पत्र आहे. आणि घरात रझाकाराच्या गोष्टी सांगणारं कुणी म्हातारं असेल तर 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन' त्यांच्या शेजारी बसून वाचा, मधेमधे ते बोलतील, बोलू द्या.

वाचताना एक ट्रिक ध्यानात ठेवा. हा माणूस समोरच्याची बाजू आधी इतकी दमदार मांडतो की वाटतं हेच याचं मत, आणि मग दोन पानांनी ती उलथवतो. त्यामुळं अर्ध्यात पुस्तक मिटून 'कुरुंदकर असं म्हणतात' असं ग्रुपवर टाकू नका, हमखास तोंडघशी पडाल (अनुभव आहे). मी पेन्सिलनं समासात 'हे त्यांचं' आणि 'हे दुसऱ्याचं' एवढंच लिहितो. अडलं तर मोठ्यानं वाचा, ते मुळात व्याख्यानातले गडी, 1982 ला औरंगाबादला गेले तेही स्टेजवरच, त्यामुळं वाक्य कानावर पडलं की लगेच सुटतं.

कादंबरीवरचं 'धार आणि काठ' घ्यायचं तर त्यातली एखादी कादंबरी आधी वाचलेली पाहिजे, नाहीतर नुसती नावं दिसतात.

सौंदर्यशास्त्र शेवटी. त्याच्या आधी एकदा वेरूळला जाऊन या, कैलास लेण्यासमोर अर्धा तास बसा आणि स्वतःलाच विचारा, हे सुंदर वाटतंय ते नुसत्या आकारामुळं, का अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणणारे हात आणि आपली श्रद्धा त्यात मिसळली म्हणून? कवी आणि समीक्षक मर्ढेकर आकाराकडं, लयीकडं बोट दाखवतात, तर इंग्रज समीक्षक रिचर्ड्स म्हणतो कलेचा अनुभव रोजच्या अनुभवाहून वेगळ्या जातीचा नसतोच. या भांडणात आपण कुठल्या बाजूला हे कच्चं का होईना ठरवा, मग 'रिचर्डची कलामीमांसा' आणि त्यानंतर 'रूपवेध' उघडा. दिवसाला चार पानं बास. माझं 'रूपवेध' दुसऱ्या खेपेला चार महिन्यांत झालं, आणि समासात 'हे पटत नाही' असं सात ठिकाणी लिहिलंय.