आभासी पणती हातातून निसटू नये म्हणून

मंगेशीच्या दीपस्तंभाला सात मजले. त्याच्या कोनाड्यांत पणत्या ठेवायच्या, एवढाच आभासी प्रसंग, डोळ्यांवर हेडसेट चढवून अनुभवायचा (व्हीआर), उभा करायचाय असं धरू. पहिल्याच दिवशी कोड लिहायला बसा, हा सल्ला मला मुळीच पटत नाही. पुठ्ठ्याचे खोके रचा, खरी पणती आणा आणि घरातल्या कुणाला तरी ती उचलून ठेवायला सांगा. बोटं कुठे लागतात, कोपर किती वर जातं, ते मोबाइलवर टिपा.

मग तेच खोके युनिटीत, म्हणजे असे आभासी प्रसंग बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, करड्या ठोकळ्यांनी मांडा. मापं खरी ठेवा, रंग-प्रकाश नंतर.

आता उचलणं. इथे माझे तीन आठवडे गेले. म्हार्दोळच्या मावशीने हेडसेट घातला, चिमटीत पणती अलगद उचलली आणि कोनाड्यापाशी नेईपर्यंत ती दोनदा पडली. "परत पडली रे," म्हणत तिने हातच मागे घेतला. मी तिला बोटं घट्ट धरायला सांगत होतो. चूक माझ्या मांडणीत होती.

हवेतल्या चिमटीत बोटांना काहीच लागत नाही, म्हणून ती नकळत सैल होतात. शिवाय हात टिपणारे कॅमेरे हेडसेटवर असतात. हाताच्या पाठीमागे बोटं झाकली गेली की यंत्र नुसता अंदाज बांधतं आणि तो थरथरतो. पकडायची आणि सोडायची मर्यादा एकच असेल तर पणती क्षणात हातात, क्षणात खाली. म्हणून दोन मर्यादा ठेवा. माझ्याकडे बोटांत २ सेंटीमीटर अंतर उरलं की पकड, ४ च्या पुढे गेलं तरच सुटका. आकडे तुमच्या माणसांवर तपासून बदला, पण दोन्ही एक कधीही करू नका.

पकडीचं अदृश्य क्षेत्र पणतीपेक्षा थोडं मोठं हवं. बोट त्यात शिरताच कड उजळू दे, पकड बसताच मातीचा बारीक टिक् आवाज येऊ दे. बोटं पणतीत आरपार गेलेली दाखवू नका, कडेवरच थांबवा.

कोनाडे छातीच्या उंचीला ठेवा. हात वर धरून खांदे भरून येतात. वरच्या मजल्यांसाठी माणसाला हवेत उचलत नेऊ नका, गरगरतं. क्षणभर काळोख करून थेट नव्या उंचीवर आणा.

चाचणीत तुम्ही गप्प राहा. पुढच्या खेपेला मावशीने सातही पणत्या ठेवल्या आणि विचारलं, "तेल खंय आसा?" म्हणजे तेल कुठे आहे? बोटांविषयी ती एक शब्दही बोलली नाही. तेव्हाच मी तेलाच्या कामाला हात घातला.