बेस गिटारची लोंबणारी तार: माझा अनुभव

कोथरूडच्या तालमीत गायिकेसाठी पट्टी उतरवायची होती, म्हणून मी बेसची ई सुराची जाड तार थेट खालच्या बी सुरापर्यंत सैल केली. तार लोंबायलाच लागली. जोरात छेडली की फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या कड्यांवर) खडखड, आणि सूर आधी चढा लागून मग खाली घसरायचा.

ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ईच्या 41 हर्ट्झवरून बीच्या 31 वर आलं की उरतो जेमतेम 56 टक्के. मग पाच तारांच्या सेटमधल्या जाड चार चढवल्या, ईच्या 0.105 इंचाच्या जागी बीची 0.130. वजन दीडपट, ताण 86 टक्क्यांवर परत. जाड तार बसावी म्हणून नटची (मानेच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्याची) खाच मात्र कानशीने अगदी हळूहळू रुंद करा, खोल गेली तर नटच बदलावा लागतो. सॅडल, म्हणजे दुसऱ्या टोकाचा तारेचा सरकता आधार, थोडं मागे घेतलं. खर्ज आता छातीत घुमतो!