स्टीम डेकवर मराठी लिहिताय? मग मी केलेल्या या चुका टाळा

स्टीम डेक म्हणजे हातात धरून गेम खेळायचा छोटा कॉम्प्युटर, त्यात खेळायला गेमिंग मोड आणि साध्या कॉम्प्युटरसारखा डेस्कटॉप मोड असे दोन. सगळ्यात महागात पडलेली चूक आधी सांगतो. आमच्या गावात जत्रेला मराठी नाटक असतं, तालमी चवथीनंतर सुरू होतात म्हणजे लिखाण भर पावसात उरकायचं, तर मी रात्री अकराला डेकवर ब्राउझरमधल्या बॉक्सातच दुसऱ्या अंकाचा प्रवेश टाइप करत बसलेलो. अडीच पानं झाली, डोकं शिणलं, म्हटलं दोन मिनिटं गेम बघू, आणि डेस्कटॉपवरचं 'रिटर्न टू गेमिंग मोड' दाबलं. परत आलो तर फायरफॉक्स, म्हणजे माझा ब्राउझर, बंद आणि प्रवेश गायब. आई आतून विचारतेय, 'लिहितोयस की खेळतोयस रे?' काय सांगणार तिला.

तर गेमिंग मोडला जाणं म्हणजे नुसती खिडकी बदलणं नाही, डेस्कटॉपचं अख्खं सेशन लॉगआउट होतं आणि उघडी असलेली सगळी ॲप्स बंद पडतात. मधेच उठायचं असेल तर पॉवर बटण एकदा हलकं दाबा, डेक झोपतं, उठवल्यावर सगळं जागच्या जागी. बटण दाबून धरू नका, त्याने मेन्यू येतो. आणि लिहायचं ते ब्राउझरच्या बॉक्सात नकोच, साध्या एडिटरमध्ये लिहा (मी केट वापरतो), परिच्छेद झाला की सेव्ह, शेवटी कॉपी-पेस्ट. कंटाळवाणं आहे पण त्या रात्रीनंतर मी हेच करतो.

दुसरा नेहमीचा प्रश्न, कीबोर्ड येतच नाही. डेस्कटॉप मोडमध्ये बॉक्सावर टिचकी मारली की फोनसारखा तो आपोआप वर येईल याची खात्री धरू नका, स्टीमचं बटण धरून एक्स दाबायचं. तरी नाही आला तर खालच्या पट्टीत बघा स्टीम (गेम चालवणारं ॲप) चालू आहे का, कारण हा कीबोर्ड स्टीमचाच आहे, आणि 'उगाच बॅटरी खातं' म्हणून कोणी शहाण्याने स्टीम बंद केलं असेल (मी केलेलं) तर कीबोर्डही गेला. उजवा ट्रॅकपॅड म्हणजे माउस, आर-टू बटण म्हणजे साधं क्लिक, एल-टू बटण म्हणजे राइट क्लिक, एवढं हाताला बसलं की ब्राउझिंग सोपं जातं. अक्षरं बारीक दिसतात कारण १२८० बाय ८०० चा स्क्रीन ७ इंचात कोंबलाय, डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १२५ टक्के करा, डोळ्यांना बरं.

आता देवनागरी. माझ्या डेकच्या त्या स्क्रीनवरच्या कीबोर्डच्या यादीत मराठी नाही, हिंदीही नाही, मी दोन दिवस शोधत बसलो, तुम्ही बसू नका. ब्लूटूथचा छोटा कीबोर्ड जोडा, सिस्टम सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या लेआउटमध्ये जाऊन मराठी टाका, काम झालं. मी इन्स्क्रिप्ट घेतो, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला ठरलेली कळ. फोनेटिकवाले (इंग्रजी स्पेलिंगने मराठी लिहिणारे) मित्र माझ्यावर हसतात, पण त्यांच्या लिखाणात 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' आणि 'सुऱ्या'चं 'सुर्या' होतं ते त्यांना दिसत नाही, नाटकात खलनायकाच्या हातात दोन सुऱ्या असतात हो, सूर्य नाही! इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश, की नीट 'ऱ्य' येतो. कीबोर्ड सोबत नसेल तर मी फोनवर लिहितो आणि केडीई कनेक्टने (फोन आणि डेक जोडणारं ॲप) क्लिपबोर्ड, म्हणजे कॉपी केलेला मजकूर, डेकवर पाठवतो, दोन्ही एकाच वायफायवर हवेत आणि फोनमधून 'सेंड क्लिपबोर्ड' हाताने दाबावं लागतं, आपोआप जाईल म्हणून वाट बघू नका.

टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून, सिस्टमचं रीड-ओन्ली कुलूप काढून, पॅकमन या कमांडने काहीबाही बसवू नका. बसतं, चालतंही, मग सिस्टम अपडेट येतो आणि सगळं साफ. डिस्कव्हर या डेकवरच्या ॲप-दुकानातून घेतलेली ॲप्स मात्र टिकतात.

कपाटातली जुनी पीएसपी (सोनीचं हातातलं गेमिंग मशीन) काढून तिच्यावर ब्राउझ करू म्हणणाऱ्यांसाठी थोडक्यात. ती फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखते, तेही ८०२.११बी हा जुना प्रकार, आणि डब्ल्यूपीए-२ ही वायफायच्या पासवर्डची सुरक्षा तिला कळत नाही, म्हणून फोनचा हॉटस्पॉट दिसला तरी जोडला जात नाही. मशीन बिघडलेलं नसतं. बॅटरी पूर्ण उतरून तारीख मागे गेली असेल तर साइटच्या सर्टिफिकेटची (साइट खरी असल्याच्या दाखल्याची) बोंब वेगळी, पण तारीख नीट केली तरी आजच्या बहुतेक साइट्सचं एन्क्रिप्शन तिला झेपत नाही. तिच्यानंतरची व्हिटा थोडी बरी, डब्ल्यूपीए-२ चालतं, पण तीही २.४ वालीच, तेव्हा फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असेल तर आधी २.४ वर आणा. निन्टेन्डोच्या स्विच या गेमिंग मशीनमध्ये ब्राउझर शोधू नका, मेन्यूत नाहीच.

चार्जिंगचं राहिलं. माझं डेक बोटीवर असलेल्या चुलतभावाने बाहेरून आणलंय, त्याच्या चार्जरची पिन आपल्या सॉकेटात बसेना म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पन्नास रुपयांचा अडॅप्टर घेतला, तो सैल, आणि मी आठवडाभर 'बॅटरी गेली' म्हणत फिरलो. फोनचा चार्जर लावला तर हळू चार्ज होण्याची तक्रार येते, कारण याला ४५ वॉटचा पीडी (यूएसबी-सीचं जलद चार्जिंग) चार्जर लागतो, वॉरंटीला इथे कोण विचारत नाही तेव्हा चार्जरवर पैसे वाचवू नका. लाईट गेली की पॉवर बँकही पीडीवालीच हवी. आणि गादीवर, उशीवर ठेवून लिहू नका, हवा मागून आत जाते आणि वरून बाहेर पडते, मागची जाळी कापसात रुतली की पंखा असा ओरडतो की आईला वाटतं पाणी तापत ठेवलंय.